डीएमने नियमाचा पेच कसा सोडवावा?

तुम्ही विचारलंय, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रंगवत फाशांनी खेळायचा खेळ) चालू असताना खेळाडूनं नियमावर बोट ठेवलं तर डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, पुस्तक उघडावं की आपणच निर्णय द्यावा. निर्णय द्यावा. पुस्तक खेळ संपल्यावर.

आमचं टेबल जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवर बसतं. एप्रिल-मेमध्ये खोलीत बसवत नाही, म्हणून रात्री जेवणं उरकून वर. त्या रात्री शेवटची मारामारी रंगात आली होती आणि आमच्या क्लेरिकनं (देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र), म्हणजे तेव्हा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या दोस्तानं, 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर' काढलं. पहिल्या लेव्हलचं साधं स्पेल, म्हणजे मंत्र; ३० फुटांच्या आत उघड्या भांड्यात १० गॅलन पाणी तयार होतं. म्हणजे जवळपास ३८ लिटर. हे म्हणाले, खलनायकाच्या फुप्फुसात.

"फुप्फुस म्हणजे उघडं भांडंच की बे! वर नाक हाय, झाकण कुठंय?"

डीएम मी होतो, मी नाही म्हटलं. झालं, मोबाइल निघाला. परदेशातल्या कुणाकुणाचे वाद मोठ्यानं वाचून दाखवणं सुरू. 'रोग' म्हणजे चोराचं पात्र खेळणारा भिंतीला टेकून रील्स बघायला लागला, शेंगाचटणीची वाटी फिरून रिकामी झाली, आणि शेवटी मित्राच्या आई जिन्यातून म्हणाल्या, "बाळांनो, खाली माणसं झोपलीत." खलनायक बिचारा मंत्राच्या अर्ध्यावर हात वर करून उभाच.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. स्पेलमध्ये जे लिहिलंय तेवढंच स्पेल करतं. पाणी होतं असं लिहिलंय, माणूस मरतो असं लिहिलेलं नाही. त्याच क्लेरिकचं, त्याच लेव्हलचं 'गायडिंग बोल्ट' चार सहा-बाजूंच्या फाशांवर पडेल तेवढीच इजा करतं. नवव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलचं 'पॉवर वर्ड किल'सुद्धा १०० किंवा त्याहून कमी हिट पॉइंटवाल्यालाच (हिट पॉइंट म्हणजे पात्रात उरलेला जीव) मारतं. मग पहिल्या लेव्हलला फुकटात मरण मिळत असेल तर ते नववं स्पेल कोण कशाला घेईल? तरीही त्याची कल्पना मी वाया घालवली नाही: पाणी तोंडावर आदळलं, खलनायकाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (अंगाच्या काटकपणावर फासा टाकून बचाव), चुकला तर या फेरीत तोंडानं मंत्र म्हणता येणार नाही. बाकी सगळे खूश. वकीलसाहेब नाहीत. आता पुण्यात असतात, स्वतःचं टेबल चालवतात आणि सोलापूरचा डीएम हुकूमशहा होता म्हणून सांगतात, असं कानावर येतं.

२०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तर सरळ लिहिलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. सहा सेकंदांच्या फेरीत शेतकऱ्यांची रांग लावून, हातोहात वस्तू पुढे सरकवून तिला तोफगोळ्याचा वेग देणाऱ्यांसाठीच ते आहे. ते पान मी त्याला पाठवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तर तुम्ही काय करायचं: स्पेलचा मजकूर खेळाडूलाच वाचायला लावा, अर्धे वाद तिथंच मिटतात. "हेच उद्या माझ्या गोब्लिन राक्षसानं तुझ्यावर केलं तर चालेल का?" एवढं विचारा. दिलेला निर्णय वहीत लिहा, पुढच्या वेळी तोच लावा.

पण हां, कुणाचं पात्र मरणार असेल तर पुस्तक उघडा, खुशाल थांबा. नवा खेळाडू असेल तर त्याच्या बाजूनं कौल द्या. आणि एखाद्यानं पात्र बनवतानाच ती युक्ती तुम्हाला सांगितली असेल, तुम्ही हो म्हटलं असेल, तर ऐनवेळी पलटू नका. आमच्या वकिलानं आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ते इथं लागू नाही.

त्याला अजून फुप्फुस भांडंच वाटत असेल तर त्यानं आपल्या टेबलावर तसं चालवावं. गोब्लिनांनाही चालवू द्यावं.