शिरपूरजवळ ५ टनांचा टायर कारखाना: ढिगातून एकेक टायर सुटा करणारी लाइन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरजवळ जुने टायर कापून तुकडे करायचा कारखाना टाकताय, एका पाळीत ५ टन माल, ट्रक-कार-दुचाकी सगळं मिसळलेलं. सप्लायर म्हणतो, ढिगातून एकेक टायर सुटा करून श्रेडरला, म्हणजे टायर कापणाऱ्या मशीनला, देणारी ऑटोमॅटिक लाइन घेतल्याशिवाय जमणार नाही. ती चालते कशी आणि घ्यावी का?

दादा, ५ टनांसाठी ती पूर्ण लाइन घेऊ नका. त्यातले दोन तुकडे मात्र नक्की घ्या. मी धुळ्यात अवधान एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. अशा दोन लाइनी स्वतः उभ्या केल्या आहेत आणि त्यांची दुरुस्तीही मीच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. नायलॉनचा ट्रकचा टायर साधारण ५० किलोचा धरा, कारचा ७ किलोचा. वजनाने अर्धा माल ट्रकचा आणि अर्धा कारचा आला तर ५ टनांत ट्रकचे ५० आणि कारचे सुमारे ३५७, म्हणजे चारशेच्या थोडे वर टायर. आठ तासांत ते संपवायचे तर दर ७० सेकंदांना एक टायर. एवढं काम दोन माणसं आणि एक रोलरचं टेबल आरामात करतात. हाच माल तासाला ५ टन असता तर दर नऊ सेकंदांना एक टायर द्यावा लागला असता. तिथे माणूस टिकत नाही, तिथे मशीनच पाहिजे. सप्लायरला विचारताना 'दिवसाला किती टन' यापेक्षा 'ताशी किती नग' हे धरून बोला. टनाचा आकडा टायरच्या बाबतीत फार फसवतो, कारण एक टन म्हणजे ट्रकचे २० टायर आणि कारचे १४० च्या वर.

आता ती लाइन चालते कशी. मक्याचं प्लेटवालं पेरणी यंत्र तुम्ही बघितलं असेलच. चाड्यात बी ओततो, खाली भोकांची प्लेट फिरते, एका भोकात एक दाणा बसतो, जास्तीचे दाणे वरची पट्टी मागे सारते. टायरची लाइनही अशीच आहे. खाली मोठा हौद, त्यातून तिरका चढणारा चेनचा पट्टा, पट्ट्यावर ठरावीक अंतरावर आडव्या पायऱ्या. पायरी टायर उचलून वर नेते. पायरीची खोली अशी ठेवायची की पट्ट्याला टेकलेला एक टायर तिच्यावर बसेल, पण त्याच्या अंगावर आलेला दुसरा तोल जाऊन परत हौदात पडेल. त्यावरही कुणी चिकटून राहिलं तर वर एक फिरता दांडा असतो, तो त्याला मागे ढकलतो.

पेरणी यंत्राचा जो नियम, तोच इथे लागू. बी एकसारखं चाळलेलं नसेल तर एका भोकात दोन बारके दाणे बसतात आणि शेतात जोड रोपं उगवतात. ट्रकचा टायर २८-३० सेंटीमीटर रुंद, कारचा १५-१६, स्कूटरचा जेमतेम ९. ट्रकसाठी बनवलेल्या १८ सेंटीमीटरच्या पायरीवर स्कूटरचे दोन टायर एकाला एक चिकटून थाटात बसून वर जातात. फिरता दांडाही त्यांना हात लावत नाही, कारण दोघांची मिळून उंची ट्रकच्या टायरपेक्षा कमीच भरते. म्हणून मिसळलेला माल हौदात ओतून 'मशीन सुटं करेल' ही अपेक्षाच चुकीची. आधी आकाराने वेगळं करायचं, मग सुटं करायचं. तुमचा सप्लायर हा क्रम उलटा सांगतोय.

याहून वाईट प्रकार म्हणजे टायरात टायर. भंगारवाले ट्रकमध्ये जास्त नग बसावेत म्हणून मोठ्या टायरच्या पोटात लहान कोंबतात. २० इंची ट्रकच्या टायरचं भोक ५१ सेंटीमीटरचं, १० इंची स्कूटरचा टायर बाहेरून ४३-४४ सेंटीमीटरचा. अगदी सहज आत जातो. पहिल्या लाइनीच्या ट्रायलला मी पॅनलपाशी उभा होतो आणि आकडे बघून खूश होतो, सगळं बरोबर मोजलं जात होतं. तेवढ्यात श्रेडरच्या तोंडाशी उभा असलेला साक्रीकडचा हेल्पर ओरडला, "भाऊ, एकमा दोन शेतस!" म्हणजे एकात दोन आहेत. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळालं नाही. बाहेरून बघणाऱ्या सेन्सरला पोटातला टायर कधीच दिसणार नाही. त्याला वजनच पकडतं.

सेन्सरबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण इथे लोकांचे महिने वाया जातात. काळं रबर प्रकाश फारसा परत फेकत नाही. त्यामुळे स्वतःच उजेड टाकून स्वतःच तो परत घेणारा साधा सेन्सर टायरच्या बाबतीत आंधळा ठरतो, कधी बघतो, कधी नाही. एका बाजूला उजेड देणारा आणि समोरच्या बाजूला घेणारा, अशी जोडी लावा. टायर मध्ये आला की किरण तुटतो, विषय संपला. दुसरं म्हणजे ती जोडी वरून खाली बघणारी लावू नका. मी लावली होती. आडवा पडलेला टायर खालून जाताना आधी रबर, मग मधलं भोक, मग पुन्हा रबर, म्हणून प्रत्येक टायर दोनदा मोजला गेला. जोडी आडवी लावा, पट्ट्यापासून पाचेक सेंटीमीटर वर. तिथे टायरची बाहेरची भिंत सलग असते आणि स्कूटरचा टायरही सुटत नाही. रोज सकाळी काच फडक्याने पुसायला सांगा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वावटळीची धूळ आणि रबराचा भुगा मिळून जो थर बसतो, तो किरणाला रोज थोडा थोडा खातो.

वर चढून आलेल्या दोन टायरांमध्ये अंतर पाडायचं काम मात्र अगदी सोपं आहे, त्याला महाग काही लागत नाही. एकापुढे एक दोन पट्टे लावायचे, पुढच्याचा वेग मागच्याच्या दुप्पट. मागच्या पट्ट्यावर ६० सेंटीमीटरचे टायर एकमेकांना चिकटून आले, तर पुढच्यावर जाताना त्यांच्यात ६० सेंटीमीटरची फट पडते. दोन गिअरबॉक्स मोटारी आणि त्यांचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह, एवढंच. हा तुम्ही घ्यायचा पहिला तुकडा.

दुसरा तुकडा वजनाचा. पुढच्या पट्ट्याच्या शेवटी ट्रकचा टायर पूर्ण मावेल एवढी रोलर चौकट चार लोडसेलवर, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर, बसवा आणि टायर तिथे दोन-तीन सेकंद थांबवा. व्यास सेन्सरवरून कळतोच: किरण किती वेळ तुटला, गुणिले पट्ट्याचा वेग. व्यास कारचा आणि वजन दुप्पट, म्हणजे पोटात काहीतरी आहे. एक तर दुसरा टायर, नाही तर रिम. रिमची भीती खरी आहे. कारची लोखंडी रिम सहा-सात किलोची असते आणि ती श्रेडरच्या ब्लेडमध्ये गेली तर तो दिवस संपला. काही जण म्हणतील मेटल डिटेक्टर लावा. टायरच्या कडेला तारच असते आणि रेडियलमध्ये तर नक्षीखालीही स्टीलची जाळी असते, तो डिटेक्टर प्रत्येक टायरला ओरडेल. इथे वजन आणि व्यास यांची जोडीच खरी.

आणि वजनाचा शत्रू पाणी. पावसात उघड्यावर पडलेल्या कारच्या टायरात दोन-तीन लिटर पाणी सहज साठतं, म्हणजे ७ किलोचा टायर १० किलोचा दिसतो. मग मशीन चांगल्या टायरला बाजूला काढतं, ऑपरेटर वैतागतो आणि वजनाची मर्यादा वाढवून ठेवतो. त्याच दिवशी रिम आत जाते. म्हणून ढिगावर पत्र्याचं छप्पर घाला, निदान ताडपत्री तरी. हे फक्त मशीनसाठी सांगत नाही. साचलेल्या त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. शेजारी वस्ती असेल तर तिथल्या लेकरांच्या तापाला तुमचा ढीग कारण होईल, हे डोक्यात ठेवूनच शेडचा खर्च धरा. पावसाळ्यात ढिगात साप-विंचूही येतात. उघड्या हाताने टायर ओढायला कुणालाही लावू नका, गमबूट आणि जाड हातमोजे द्या.

या हौदाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टायर एकमेकांत अडकून हौदात कमान धरतात. खालचा पट्टा रिकामा फिरतो आणि वर दोन टन माल अधांतरी. दुसऱ्या लाइनीवर असं झालं तेव्हा आमचा एक पोरगा पहार घेऊन हौदात उतरला आणि कमान मोडायला गेला. पॅनलवरच्या माणसाला तो आत आहे हे माहीत नव्हतं. कमान सुटली, पट्टा चालू होता, त्याचा पाय गुडघ्यापर्यंत पायरीत गेला. ओढदोरीचा स्विच होता म्हणून दुसऱ्याने दोरी खेचली आणि पाय वाचला, पण हाड मोडलंच. तो पोरगा चार महिने घरी होता आणि त्याच्या आईसमोर उभं राहताना मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लाइनीला मेन स्विचवर कुलूप असतं आणि चावी आत जाणाऱ्याच्या खिशात. सप्लायरने ओढदोरी 'ऑप्शनल' म्हणून वेगळी लावली असेल तर तिथेच उठून या.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. गाडी खाली होतानाच चार ढीग: दुचाकी, कार, ट्रक, ट्रॅक्टर. गाडी तशीही माणसंच उतरवतात. टायर खाली टाकताना तो कुठे टाकायचा एवढंच ठरवायचं आहे, त्याला वेगळी मजुरी लागत नाही. त्याच वेळी एकाच्या हातात खडू द्या. टायरच्या अंगावर मापाच्या आकड्यांच्या, म्हणजे १०.०० आणि २० यांच्या, मध्ये आडवी रेघ असेल तर तो नायलॉन, इंग्रजी आर असेल तर रेडियल. दोन्हींतलं लोखंड वेगळं, ब्लेडची झीज वेगळी, तुकड्यांना भावही वेगळा. चिखलाखालची ती खूण कुठलंही स्वस्त मशीन वाचत नाही, खडूवाला अंगठ्याने पुसून वाचतो. रिमोल्ड करण्याजोगा, म्हणजे नवी नक्षी चढवून पुन्हा चालवता येईल असा, धड ट्रकचा टायरही तोच बाजूला काढतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यातून जातात, इथे ट्रकवाल्यांची कमी नाही. धड टायरचे तुकडे करणं म्हणजे पैसे कापणंच आहे. ट्यूब राहिली असेल तर तीही तिथेच ओढून काढा, ती वेगळी विकली जाते.

मग पाळी लावा. सकाळी फक्त कार, दुपारनंतर फक्त ट्रक. कारचे टायर माणूस पट्ट्यावर आडवे टाकेल. ट्रकचा टायर उचलायचा नाहीच, उभा करून घरंगळत आणायचा आणि जमिनीच्या पातळीवरच्या टेबलावर आडवा करायचा. फरशीला उतार अजिबात नको. उभा सुटलेला ट्रकचा टायर थांबवायला कुणी आडवं जाऊ नये, हे पहिल्या दिवशीच बजावून सांगा. पुढे कडेची तार काढायचं मशीन ट्रकच्या टायरसाठीच, कारच्या टायरला त्या वाटेने पाठवू नका, उगाच वेळ जातो.

वजनाची नोंद कॉम्प्युटरला जोडून घ्या. २०२२ च्या नियमांपासून टायर रिसायकल करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि आलेल्या-गेलेल्या मालाची वजनं कागदावर नीट असली तर पुढची धावपळ वाचते. लोडसेलचे पैसे तिथेही वसूल होतात.

खरी एकेक टायरची सक्ती सिमेंटच्या भट्टीत असते. तिथे अख्खा टायर जळण म्हणून जातो, दोन एकदम गेले तर भट्टीतला प्राणवायू कमी पडतो आणि सगळं गणित बिघडतं. उलट पायरोलिसिसच्या, म्हणजे टायर बंद ड्रममध्ये तापवून तेल काढण्याच्या, बॅचच्या ड्रमला सुटं करण्याची गरजच नाही, दार उघडून भरायचं असतं. तुमचं काम या दोन्हींच्या मधलं आहे. श्रेडरला दोन टायर एकदम गेले तर तो अडकतो, उलटा फिरतो आणि पुन्हा ओढतो. वेळ जातो, पण रिमशिवाय मोडत नाही. म्हणून तुमचे पैसे सुटं करण्यापेक्षा रिम पकडण्यात जास्त घाला.

एवढं वाचूनही पूर्ण लाइनच घ्यायची ठरली, तर ॲडव्हान्स देण्याआधी सप्लायरच्या शेडवर तुमचेच १०० टायर घेऊन जा. त्याने धुऊन ठेवलेल्या एकसारख्या टायरांवर ट्रायल बघू नका. तुमच्या शंभरात २० दुचाकीचे, ५० कारचे, ३० ट्रकचे ठेवा. पाच ट्रकच्या टायरांच्या पोटात स्कूटरचे कोंबा, दोन कारच्या टायरांत रिम ठेवा, दहांत पाणी भरा, आणि कोणते ते त्याला सांगू नका. लाइन चालू करायला सांगा आणि तुम्ही पॅनलपाशी न थांबता श्रेडरच्या तोंडाशी उभे राहून हाताने मोजा.