वाचकांचे प्रश्न : कार्बुरेटरची जुनी गाडी जागेवर बंद का पडते?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची जुनी गाडी कार्बुरेटरवर चालते. सकाळी चोक ओढला की ती लगेच सुरू होते आणि चोक ओढलेला असेपर्यंत उत्तम चालते. इंजिन गरम झाल्यावर चोक आत ढकलला, की ती थरथरू लागते आणि एक्सिलरेटरवरचा पाय काढताच बंद पडते. मेकॅनिकने आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू बराच आत घेऊन ती कशीबशी चालू ठेवली आहे. मात्र आता मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी इंजिनावर काहीच परिणाम होत नाही. कार्बुरेटर निकामी झाला असून तो बदलावा लागेल, असे मला सांगण्यात आले आहे. बदलावा का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य मिश्रणाच्या स्क्रूविषयीचे आहे आणि कार्बुरेटर निकामी झाल्याचा पुरावा म्हणून ते पुरेसे नाही.

या दोन स्क्रूंची कामे वेगळी आहेत. आयडलचा स्क्रू थ्रॉटलची झडप किती उघडी राहील एवढेच ठरवतो. मिश्रणाचा स्क्रू त्या झडपेच्या खालच्या बाजूस असलेल्या बारीक छिद्रातून येणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण ठरवतो. झडप जवळजवळ मिटलेली असते तेव्हा तिच्याखाली जोराचे शोषण असते, आणि त्या शोषणामुळेच हे बारीक छिद्र काम करते. आयडलचा स्क्रू खूप आत घेतला की झडप उघडते, तिच्या कडेला लागून असलेली पुढच्या टप्प्याची छिद्रे उघडी पडतात, इंजिन त्यांतून पेट्रोल ओढू लागते आणि मिश्रणाच्या स्क्रूच्या हाती काही उरत नाही. म्हणजे स्क्रूचा परिणाम न होणे हे आयडलचा स्क्रू इतका आत घेतल्याचे फळ असू शकते. मूळ दुखणे त्याच्या आधीचे आहे, आणि ते शोधायचे असेल तर तो स्क्रू आधी मागे घ्यावा लागेल, मग गाडी जागेवर बंद पडली तरी चालेल.

चोक ओढल्यावर गाडी सुधारते, यावरून गरम इंजिनाला आयडलवर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त मिळते आहे, हे निश्चित होते. चोक हवा अडवून मिश्रणातले पेट्रोल वाढवतो आणि ती उणीव झाकतो. तेव्हा संशयित दोनच : आयडलची वाट तुंबली आहे, किंवा कार्बुरेटरला वळसा घालून कुठून तरी हवा आत शिरते आहे.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. आपल्या कार्बुरेटरच्या अंगावर एक वायर जोडलेला छोटा सोलेनॉइड आहे का, ते पाहा. गाडी बंद केल्यावर आयडलचे पेट्रोल तोडण्यासाठी तो असतो आणि इग्निशनची किल्ली फिरवल्यावर त्याने उघडायला हवे. इंजिन सुरू न करता किल्ली लावून ठेवा, त्याची वायर काढा आणि पुन्हा टेकवा. प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज बोटाला जाणवला पाहिजे. पेट्रोलचा वास येत असेल, तर ठिणगी पडू नये म्हणून ही तपासणी इंजिनखोलीतला वास पूर्ण गेल्यावरच करा. आवाज आला नाही, तर वायरमध्ये 12 व्होल्ट येतात की नाही ते पाहा. सुटलेल्या एका वायरीपायी सबंध कार्बुरेटर बदलले गेल्याचे मी पाहिले आहे, म्हणून हे आधी सांगतो.

सोलेनॉइड ठीक असेल, तर हवेकडे वळा. कार्बुरेटरखालचे पॅकिंग, मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डचे गॅसकेट (सांध्यातले पॅकिंग), प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक व्हॅक्युमची (शोषणाची) नळी, इंजिनातली वाफ परत ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी, या सगळ्या जागा संशयित आहेत. इंजिन चालू ठेवून एकेक नळी गुळगुळीत जबड्याच्या पकडीने किंवा बोटांनी दाबून मिटा. ज्या नळीला दाबल्यावर इंजिनाचा आवाज एकदम सुधारतो, त्या नळीच्या पलीकडे गळती आहे. सांध्यांसाठी पाण्याचा बारीक फवारा वापरा. पाण्याने भेग क्षणभर मिटते आणि इंजिनाची चाल बदलते. पुष्कळ जण यासाठी कार्बुरेटर साफ करण्याचा स्प्रे मारतात. तो गरम सायलेन्सरवर किंवा प्लगच्या वायरीवर पडला तर भडका उडतो, म्हणून मी त्याची शिफारस कधीच करत नाही.

ब्रेक बूस्टरची नळी नीट पाहा, असे मी आग्रहाने सांगतो. अशाच तक्रारीच्या एका गाडीत मी दोन दिवस घालवले होते. नळी वरून धडधाकट दिसत होती आणि थंड असताना तिची तपासणीही चोख निघत होती. अखेर क्लॅम्प सैल करून नळी किंचित वाकवली, तेव्हा क्लॅम्पच्या कडेखाली नखाएवढी लांब चीर दिसली. रबर गरम होऊन मऊ पडले की चीर उघडायची, थंड झाले की मिटायची. तेव्हापासून कोणतीही नळी मी क्लॅम्प काढून आणि वाकवून पाहिल्याशिवाय सोडत नाही.

थ्रॉटलची दांडी ज्या भोकांत फिरते ती भोकेही झिजतात. दांडी बोटांनी वर-खाली हलवून पाहा. खुळखुळ जाणवली तर तिथून हवा शिरते. हा दोष मात्र खरोखर कार्बुरेटरचा आहे आणि त्यावर बुशिंग (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) बसवावे लागते.

व्हॅक्युम गेज मिळाला, तर बराच अंदाज वाचतो. समुद्रसपाटीवर धडधाकट इंजिन आयडलवर साधारणपणे पाऱ्याचे 17 ते 21 इंच, म्हणजे सुमारे 430 ते 530 मिलिमीटर व्हॅक्युम दाखवते. उंचीवर दर 300 मीटरला साधारण एक इंच कमी धरावा. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) संभवते. काटा ठरावीक ताल धरून झटकन खाली येत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे कार्बुरेटरला हात लावण्यात अर्थ नाही.

हवेची गळती सापडली नाही, तरच आयडलचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा छोटा पितळी तुकडा, काढा. कित्येक कार्बुरेटरांत त्याचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि जुन्या पेट्रोलचा वाळलेला चिकट थर ते सहज बुजवतो. जेट द्रावणात भिजवून, डोळ्यांना चष्मा लावून, दाबाच्या हवेने फुंका आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का ते पाहा. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असते. तारेने छिद्र एकदा वाढले की ते माप परत मिळत नाही.

यानंतर सेटिंग करा, पण त्याआधी प्लग, ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या पॉइंटमधले अंतर आणि टायमिंग आपल्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. टायमिंग मागे असेल तर इंजिन आयडलवर दम धरत नाही, मग ते चालू ठेवायला झडप उघडावी लागते आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथे येऊन पोहोचतो. इंजिन पूर्ण गरम आणि चोक पूर्ण आत ढकललेला असताना मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या. आवळला तर त्याचे टोक कायमचे चेपते. तिथून साधारण दीड ते दोन फेरे बाहेर घ्या. मग पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि सर्वांत सुरळीत कुठे चालते ते शोधा, आयडलच्या स्क्रूने वेग पुन्हा मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, आणि हे दोन्ही दोन-तीनदा आलटून-पालटून करा. पुष्कळ गाड्यांत तो आकडा मिनिटाला 750 ते 900 फेऱ्यांच्या दरम्यान असतो. स्क्रू आत नेल्यावर इंजिन मरायला लागले, तर आयडलची वाट जिवंत आहे असे खुशाल समजा.

प्रश्न : गाडी जागेवर आणि गावात व्यवस्थित चालते. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे वेगाने चालवली, किंवा चढ लागला, की झटके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबल्यावर काहीच न घडल्यासारखी पुन्हा सुरू होते. फ्युएल पंप नवा बसवला, तरी तेच.

उत्तर : कार्बुरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याच्या) वाटीत थोडेच पेट्रोल मावते. आयडलवर खर्च इतका कमी असतो, की अर्धवट तुंबलेला पुरवठाही पुरून उरतो. वेगात मात्र वाटी भरण्यापेक्षा लवकर रिकामी होते. परंतु हे गृहीत धरण्याआधी, गाडी बंद पडेल त्याच क्षणी एक गोष्ट करा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर बाजूला करा, चोकची झडप उघडी धरा आणि कार्बुरेटरच्या घशात पाहत एक्सिलरेटरची दांडी हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची चिळकांडी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि दोष बहुधा तापून काम सोडणाऱ्या इग्निशन कॉइलचा किंवा कंडेन्सरचा (ठिणगी तयार करणाऱ्या भागांचा) आहे. घसा कोरडा राहिला, तरच पेट्रोलच्या मागे लागा. हे न केल्यामुळे नवे पंप वाया जातात, आणि आपलाही बहुधा गेला असावा.

घसा कोरडा असेल, तर लगेच टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर टाकीची श्वास घेण्याची वाट बंद आहे. पेट्रोल बाहेर जाते पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, आणि पंप त्या ओढीपुढे हरतो. आवाज आला नाही, तर टाकीतल्या जाळीवर संशय घ्या. दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी बरी होणे ही तिची ओळखीची खूण आहे : पंपाच्या ओढीने गंज आणि गाळ जाळीवर चिकटतो आणि ओढ थांबली की सुटून खाली बसतो. मधला फिल्टर काढून त्याच्या आत शिरण्याच्या बाजूचे पेट्रोल पांढऱ्या कापडावर ओता. ते उडून गेल्यावर मागे विटकरी भुकटी राहिली, तर टाकी उतरवून धुवावी लागेल. नुसता फिल्टर बदलून पंधरा दिवस निघतील, इतकेच.

टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्यांकडेही लक्ष द्या. ही ओढीची बाजू आहे, त्यामुळे तिथली भेग पेट्रोल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते आणि खाली एक थेंबही दिसत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी न बनवलेले जुने रबर त्या पेट्रोलने फुगते आणि आतून सुटते; सुटलेला पापुद्रा झडपेसारखा मिटतो. पाइप सायलेन्सरजवळून जात असेल, तर आत पेट्रोलची वाफ होणेही शक्य आहे. पेट्रोलचे हलके घटक 35 ते 40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने त्याहूनही आधी.

नव्या पंपाविषयी दोन गोष्टी. इंजिनावर बसणाऱ्या यांत्रिक पंपाखाली मूळचे जाड पॅकिंग होते का, ते पाहा. त्याची जाडी बदलली की पंपाच्या दांडीची झेप बदलते आणि पुरवठा बिघडू शकतो. आणि त्याऐवजी इंजेक्शनच्या गाडीचा विद्युत पंप बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर मानू नका. कार्बुरेटरला साधारण 0.2 ते 0.4 बार दाब लागतो. इंजेक्शनचे पुष्कळ पंप 3 बारच्या आसपास दाब देतात. वाटीत येणारे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तो दाब रोखू शकत नाही, आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडते.

प्रश्न : गरम गाडी बंद करून पाव तासाने सुरू केली, की पेट्रोलचा उग्र वास येतो, बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि काळा धूर निघतो. शिवाय इंजिन ऑइलची पातळी वाढलेली दिसते आहे.

उत्तर : शेवटच्या वाक्यामुळे प्रथम हे सांगतो, की गाडी आता चालवू नका. ऑइल आपोआप वाढत नाही. डिपस्टिकचा (ऑइल मोजण्याच्या पट्टीचा) वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झाले आहे आणि बेअरिंगना त्याचा आधार राहिलेला नाही. यांत्रिक पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला, की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. कार्बुरेटर ओव्हरफ्लो होत असेल, म्हणजे वाटी भरून वाहत असेल, तर ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली जाते. पंप तपासा, दोष दूर करा आणि त्यानंतरच ऑइल व फिल्टर बदला.

ओव्हरफ्लोसाठी वाटीचे झाकण काढा. नीडलच्या टोकावर झिजेची कडी दिसली, तर नीडल आणि तिची बैठक दोन्ही बदला. फ्लोट पितळी असेल, तर कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला सुईच्या टोकाएवढे भोक आहे. ते शोधायला फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरा; आतली हवा प्रसरण पावून भोकातून बुडबुड्यांची माळ वर येते. आतले सगळे पेट्रोल काढून टाकल्याशिवाय त्याला डाग देण्यासाठी उष्णता लावू नका.

फ्लोट आणि नीडल दोन्ही निर्दोष निघाले, तर बंद इंजिनाच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते आहे. कार्बुरेटरखालची जाड, उष्णता अडवणारी पट्टी मागच्या एखाद्या दुरुस्तीत काढून टाकलेली असते. ती परत बसवा. तोवर गरम गाडी सुरू करताना एक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पाय वर-खाली करू नका, कारण प्रत्येक दाबासरशी आणखी पेट्रोल आत जाते.