राउटर घेताना अँटेना मोजू नयेत

प्रश्न : पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी आमची अभ्यासिका असून एका वेळी साधारण ५० मुले बसतात. फायबरची लाइन डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० एमबीपीएसची आहे. एरवी तक्रार नसते, मात्र कोणाच्या मोबाइलमधील फोटो आपोआप वर चढू लागले की इतर सर्वांची ऑनलाइन व्याख्याने अडखळतात. दुकानदाराने सहा अँटेनांचा, १५ हजारांच्या घरातील ‘गेमिंग’ राउटर सुचवला आहे. आमची तयारी सहा-सात हजारांची आहे. काय घ्यावे?
– एक अभ्यासिकाचालक

उत्तर : १५ हजार तर नकोतच, पण सहा-सात हजार काढण्यापूर्वीही एक साधी चाचणी करावी. एक लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने थेट राउटरला जोडावा आणि त्यावरून ८.८.८.८ या पत्त्याला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवावे. लाइन मोकळी असताना किती मिलिसेकंदांत उत्तर येते ते लिहून घ्यावे आणि मग दुसऱ्या संगणकावरून एखादी मोठी फाइल वर चढवावी. आकडा १० वरून ३००-४०० वर गेला, तर दोष रांगेचा, म्हणजे बाहेर जाणारा डेटा लाइनच्या तोंडाशी तुंबण्याचा आहे. तो जागचा फारसा हलला नाही आणि तरीही मुलांचे व्हिडिओ अडखळत राहिले, तर दोष वायफायचा आहे असे समजावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल हाती असतात, आणि पेठेत तेही शेजाऱ्यांनी व्यापलेले असतात. तसे असल्यास राउटर न बदलता छताला लावायचे, ५ गिगाहर्ट्झवर चालणारे दोन ॲक्सेस पॉइंट (केवळ वायफाय पुरवणारे डबे) घ्यावेत.

आपण सांगितलेले लक्षण मात्र पहिल्या दोषाचे दिसते. लाइनच्या तोंडाशी बसवलेल्या ओएनटीच्या (फायबरची लाइन जेथे संपते त्या) डब्यात पॅकेटे, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, थोपवून धरणारी मेमरी असते. एका मोबाइलने तीत १ मेगाबाइटचा ढीग घातला, तर २० एमबीपीएसच्या वाटेने तो उपसायला ०.४ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ बाकीच्यांची पॅकेटे मागे तिष्ठत राहतात. एसटीच्या खिडकीवर एकाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटे मागितली की मागच्याचे जे होते, तेच हे. व्याख्यान पाहणाऱ्यांचे डाउनलोडही यामुळे मंदावते, कारण आलेल्या प्रत्येक मालाची पोच याच रांगेतून परत जात असते. या विकाराला बफरब्लोट म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग लांबू न देणारी पद्धत मांडली आणि २०१८ मध्ये तिचाच पुढचा अवतार असलेली ‘केक’ लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत दाखल झाली.

उपायाचे मर्म असे, की आपल्या राउटरने लाइनच्या वेगापेक्षा थोडा कमी वेग स्वतःहून पाळायचा. आपल्या बाबतीत डाउनलोडला ९० आणि अपलोडला १८ एमबीपीएस. मग रांग ओएनटीत न साचता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तेथे ती कशी हलवायची हे आपल्या हाती राहते. येथेच खरेदीचा प्रश्न येतो. खोक्यावर छापलेला गिगाबिटचा आकडा बहुधा हार्डवेअर ऑफलोडच्या, म्हणजे प्रोसेसरला वगळून पॅकेटे पुढे ढकलणाऱ्या वेगळ्या सर्किटच्या, बळावरचा असतो, तर रांगेची शिस्त लावायची म्हणजे ते ऑफलोड बंद करून प्रत्येक पॅकेट प्रोसेसरने हाताळायचे. अँटेनांचा या कामाशी काडीचा संबंध नाही.

१०० एमबीपीएससाठी मीडियाटेकची एमटी७६२१ ही जुनी, दोन कोअरची चिप पुरते; केक चालवताना ती साधारण दीडशे-दोनशे एमबीपीएसपर्यंत तग धरते. ही चिप असलेला आणि ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चढवता येईल असा राउटर आपल्या रकमेत बसावा. फ्लॅश १६ मेगाबाइट आणि रॅम १२८ मेगाबाइट यांहून कमी नसावी. तळाच्या लेबलवरील हार्डवेअर आवृत्ती पाहिल्याशिवाय मात्र पैसे देऊ नयेत, कारण नाव तेच ठेवून आतील चिप बदलली जाते : टीपी-लिंकच्या आर्चर सी६ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तर तिसरीत एमटी७६२१. पुढे ३०० एमबीपीएसची लाइन घेण्याचा विचार असेल, तर एमटी७९८१ ही नवी चिप असलेला राउटर आजच शोधावा.

केक लावताना उपकरणवार वाटणीचा पर्याय निवडावा आणि त्यासोबत ‘नॅट’चा, म्हणजे आतील उपकरणांचे खरे पत्ते ओळखण्याचा, पर्यायही चालू करावा, नाही तर राउटरला सगळी मुले एकाच पत्त्याची दिसतात. वाटणी जोडणीवार राहिली, तर सोळा जोडण्या उघडणारे डाउनलोड सोळा वाटे उचलते. अर्थात सगळे ५० जण एकदम व्हिडिओ पाहू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएसही येणार नाहीत आणि तेवढ्यात एचडी मागणाऱ्याचे समाधान कोणताही राउटर करू शकणार नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयासाठी मायक्रोटिकचा हेक्स राउटर घेतला आणि सिंपल क्यूमध्ये प्रत्येक संगणकाला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली. तरीही एक जण ४० एमबीपीएस ओढतो. राउटर सदोष आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : राउटर बहुधा निर्दोष आहे. कारखान्यातून येणाऱ्या मांडणीत फायरवॉलच्या यादीत फास्टट्रॅकचा एक नियम असतो. त्याने पुढे काढलेल्या जोडण्या वेगाने जातात खऱ्या, पण सिंपल क्यूला वळसा घालून जातात, त्यामुळे आपली मर्यादा त्यांना लागूच होत नाही. तो नियम निष्क्रिय करून राउटर एकदा पुन्हा सुरू करावा, कारण आधीच फास्टट्रॅकवर गेलेल्या जोडण्या तुटेपर्यंत तशाच राहतात. त्यानंतर प्रोसेसरवरचा भार वाढेल. ऐन कामाच्या वेळी तो किती टक्के होतो हे पाहत राहावे.

सरसकट ५ एमबीपीएसची मर्यादाही मला पटत नाही. कार्यालयात दोघेच बसलेले असताना बाकीची लाइन रिकामी पडून राहते. त्याऐवजी पत्त्यागणिक सारखी वाटणी करणारी पीसीक्यू ही रांगेची पद्धत वापरावी, किंवा मायक्रोटिकचे सॉफ्टवेअर राउटरओएस ७.१ वा त्यापुढचे असल्यास त्यातील केक लावावी.

प्रश्न : घरातील जुन्या डेस्कटॉपचाच राउटर केला तर खर्च वाचेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरे नेटवर्क कार्ड बसवून ओपीएनसेन्स हे राउटरचे मुक्त सॉफ्टवेअर चढवले, तर काम उत्तम होईल; प्रोसेसरचे बळ छोट्या राउटरपेक्षा कितीतरी अधिक असते. मात्र ४० वॅटचा डेस्कटॉप अहोरात्र चालू राहिला, तर ३० दिवसांत २८.८ युनिट जळतात, आणि ६ वॅटच्या राउटरला ४.३ युनिट पुरतात. वर्षाचा फरक २९० युनिटांच्या वर जातो. आपल्या बिलावरील दराने तो गुणून नव्या राउटरच्या किमतीशेजारी मांडावा. लाइन १०० एमबीपीएसची असेल, तर मी डेस्कटॉपच्या वाटेला जाणार नाही.