ईमचा दगड वेशीवरचा की शिवेवरचा?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या Eyam या, १६६५-६६ च्या प्लेगमुळे ओळखल्या जाणाऱ्या गावावर मराठीत लिहिताना तिथल्या ‘बाउंडरी स्टोन’ला ‘वेशीवरचा दगड’ म्हटलं तर चालेल का? आणि गावाचं नाव ‘एयाम’ लिहावं की ‘आयम’?

नावाचं आधी सांगतो. दोन्ही नकोत, ‘ईम’ लिहा. स्पेलिंग पाहून फसायला होतं, पण तिथले लोक ‘टीम’च्या यमकात बसेल असाच उच्चार करतात. जुन्या इंग्रजीत ‘बेट’ या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे ओढ्यांमध्ये सापडलेल्या जमिनीवरून, हे नाव पडलं असं मानतात.

दगड मात्र शिवेवरचा. वेस म्हणजे गावकुसातला दरवाजा, तिच्या आत गावठाण. शीव म्हणजे दोन गावांची शिवारं जिथे मिळतात ती हद्द. ईमला तटही नव्हता आणि वेसही नव्हती. हा दगड ईम आणि खालच्या अंगाचं स्टोनी मिडलटन यांच्यामधल्या पायवाटेवर, उघड्या कुरणात आहे. ‘वेशीवरचा’ म्हटलं की मराठी वाचकाला कमान दिसते आणि दगड थेट घरांना येऊन चिकटतो. तो घरांपासून लांब होता, यातच त्याचा उपयोग होता.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स ७ सप्टेंबरला गेला. जून १६६६ मध्ये गावाने शीव न ओलांडण्याचं ठरवलं. शेजारगावचे लोक धान्य, सामान हद्दीवर ठेवून जात. दगडाच्या माथ्यावर सहा खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून ईमकर पैसे टाकत, म्हणजे नाण्यांवरून रोग जाणार नाही अशी समजूत. खळग्यांच्या कडा आता झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा मृत्यू झाला. तोवर सुमारे २६० माणसं गेली होती.

या निर्णयाला ‘गावबंदी’ म्हणू नका. आज त्या शब्दाचा अर्थ बाहेरच्याला आत येऊ न देणं असा आहे. इथे आतल्यांनी स्वतःला बाहेर जायची बंदी केली. ‘विलगीकरण’ही बसत नाही. १८९७ साली पुण्यात रोग्यांना प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत, ते विलगीकरण. ईममध्ये आजारी आणि धडधाकट एकाच हद्दीत राहिले, म्हणून मृत्यूंचा आकडा इतका चढला. ‘गावाने स्वतःवर घालून घेतलेली हद्दबंदी’ हे लांबलचक आहे खरं, पण अचूक आहे.

याच गावाबद्दल लिहिताना आणखी तीन शब्द घात करतात. विल्यम मॉम्पेसन हे गावचे ‘रेक्टर’, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू, होते. मराठीत रेक्टर म्हटलं की वसतिगृह आठवतं, आणि ‘फादर’ लिहिलं तर वाचक त्यांना कॅथलिक, अविवाहित समजेल. ते अँग्लिकन होते. त्यांची पत्नी कॅथरिन ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनेच गेली, तिचं थडगं सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींचा ‘पाळक’ हा शब्द इथे चपखल बसतो. मॉम्पेसन यांनी चर्च बंद करून उपासना कक्लेट डेल्फ या घळीत, उघड्यावर घ्यायला सुरुवात केली. कुटुंबं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहत. अजूनही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथे स्मरणाची उपासना होते.

दुसरा शब्द ‘मॉम्पेसन्स वेल’मधला. ती विहीर नव्हे. गावाच्या वरच्या अंगाला दगडांनी बांधून काढलेला तो झरा आहे, आणि तिथेही सामान ठेवलं जाई. इंग्रजी ‘वेल’मध्ये झराही येतो, मराठी ‘विहीर’मध्ये येत नाही. ‘मॉम्पेसनचा झरा’ लिहा, नाहीतर वाचक रहाट शोधत बसेल.

‘रायली ग्रेव्ह्ज’ला मात्र नुसतं ‘रायलीची थडगी’ करू नका. रायली हे माणसाचं नाव नाही, तिथल्या शेतघराचं आहे. गावाबाहेरच्या त्या गोल दगडी कुंपणात हॅनकॉक कुटुंब आहे. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी तिथे पुरली. ‘रायलीवरची थडगी’ लिहिलं की जागा आहे हे कळतं.