किट कारला मागचे कॉइलओव्हर (स्प्रिंग अंगावरच चढवलेले शॉक) कसे बसवावेत? स्प्रिंग किती पौंडाची घ्यावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी: इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी बांधताय. मागे फोर्ड एस्कॉर्ट मार्क 2 चा सलग ॲक्सल आहे, त्याला चार ट्रेलिंग लिंक (ॲक्सलला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्या) आणि पॅनहार्ड रॉड (त्याला आडवं सरकू न देणारा दांडा). चेसिस वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारून उभी आहे, शॉकचे ब्रॅकेट अजून वेल्ड व्हायचे आहेत. ते झालेले नाहीत हे फार बरं, कारण स्प्रिंगच्या आधी ब्रॅकेटचाच विचार करायला हवा.

गाडी चाकांवर उभी असताना शॉक त्याच्या एकूण चालीत नेमका कुठे असेल, हे सगळ्यात आधी ठरवा. समजा, तुमचा शॉक पूर्ण उघडा असताना बुशच्या मध्यापासून मध्यापर्यंत 330 मिमी आहे आणि पूर्ण दाबल्यावर 232. म्हणजे चाल 98 मिमी. यातली साधारण 60 टक्के चाल खड्ड्यात दबण्यासाठी आणि 40 टक्के चाक खाली लोंबण्यासाठी ठेवावी. त्या हिशेबाने उभ्या गाडीत शॉकची लांबी 292 मिमी यायला हवी: 38 मिमी लोंबायला, 60 दबायला. बहुतेक घरगुती गाड्यांचा मागचा भाग बिघडतो तो इथेच. ब्रॅकेट अंदाजाने लावले जातात, शॉक जवळजवळ मिटलेल्या अवस्थेत बसतो, गाडी प्रत्येक उंचवट्यावर बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आणि दोष दिला जातो स्प्रिंगला.

त्यासाठी खरा शॉक लावण्याआधी 25 × 6 मिमीच्या लोखंडी पट्टीचे दोन खोटे शॉक बनवा. एका टोकाला 12 मिमीचं भोक, आणि तिथून 240, 292 आणि 330 मिमीवर आणखी तीन. आधी 292 च्या भोकात बोल्ट घालून ॲक्सल चेसिसखाली टांगा. चेसिसची उंची ठरल्याप्रमाणे घोड्यांवर पक्की करा; मागचा भाग पुढच्यापेक्षा 10 ते 15 मिमी उंच ठेवावा. मग ब्रॅकेटला फक्त टाके मारा. पुढे 240 च्या भोकावर, म्हणजे जवळजवळ पूर्ण दबलेल्या स्थितीत, जाऊन बघा: ॲक्सल चेसिसला लागतो का, प्रॉपशाफ्ट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) टनेलला घासतो का, टायर मडगार्डला भिडतो का. 330 वर बघा: ब्रेकचा रबरी होज ताणला जातो का, हँडब्रेकची केबल ओढली जाते का. हे एकाच बाजूने करून भागत नाही. एक बाजू 240 वर आणि दुसरी 330 वर ठेवूनही बघा, कारण सलग ॲक्सल असा तिरका होतो तेव्हाच होज आणि पॅनहार्ड रॉडचे ब्रॅकेट अडचणीत येतात. पॅनहार्ड रॉड 292 च्या स्थितीत आडवा, जमिनीला समांतर हवा. तो तिरका असेल तर प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल एका बाजूला सरकतो.

ब्रॅकेट दोन पानांचं, निदान 3 मिमी पत्र्याचं करा, म्हणजे बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. एकाच बाजूने धरलेला 12 मिमीचा बोल्ट हळूहळू वाकतो आणि तो वाकलाय हे काढेपर्यंत कळत नाही. बोल्ट 8.8 ग्रेडचा घ्या. बुशमधून जाणारा त्याचा भाग बिनआट्यांचा, गुळगुळीत हवा, आणि नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा. वरचा आणि खालचा बोल्ट एकमेकांना समांतर आहेत ना, हे लांब सळया घालून तपासा. ते समांतर नसतील तर शॉकच्या दांड्यावर आडवा ताण येतो आणि थोड्याच दिवसांत सीलमधून तेल झिरपायला लागतं. आणखी एक गोष्ट: साधा ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक उलटा लावू नये. दाबाखालच्या गॅसचा मोनोट्यूब (एकाच नळीचा) उलटा चालतो.

शॉक उभा नसून वरच्या बाजूने आत कललेला असेल, तर त्या कोनाचा हिशेब धरावाच लागतो. ॲक्सल सरळ वर येताना शॉक कोनाच्या कोसाइनइतकाच दबतो, आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा त्या कोसाइनच्या वर्गाने घटतो. 20 अंशांना स्प्रिंगचा 88 टक्के कडकपणा चाकापर्यंत पोचतो, 30 ला 75, आणि 45 ला निम्माच. शिवाय कललेला शॉक दबताना आणखी आडवा होतो, म्हणजे नेमका खड्ड्यात मऊ पडतो. म्हणून 20 अंशांच्या पुढे जाऊ नका, असा माझा आग्रह आहे.

आता पौंड, म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारा भार. चालक बसलेला असताना मागच्या एका चाकावर 160 किलो येतात असं धरू. त्यातून स्प्रिंगखालचं वजन वजा करायचं: अर्धा ॲक्सल, ब्रेक, चाक, टायर. सलग ॲक्सलला हा आकडा मोठा असतो. तुमचा ॲक्सल प्रत्यक्ष काट्यावर घाला, इथे मी 42 किलो धरतो. उरले 118. अशा हलक्या, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीला मागे सेकंदाला 1.8 आंदोलनं हा चांगला आरंभ आहे. सूत्र सोपं आहे: वारंवारिता भागिले 5.03, त्याचा वर्ग, गुणिले 118. उत्तर येतं 15.1 न्यूटन प्रति मिमी, चाकापाशी. शॉक 20 अंश कललेला असेल तर त्याला 0.88 ने भागा: 17.1. एक पौंड प्रति इंच म्हणजे 0.175 न्यूटन प्रति मिमी, म्हणजे सुमारे 98. बाजारात 100 पौंडाची मिळते, ती घ्या. मागे स्वतंत्र सस्पेन्शन असतं आणि शॉक विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी हाताच्या) मधोमध कुठेतरी असता, तर याच वजनाला बरीच कडक स्प्रिंग लागली असती. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका, त्याच्या ब्रॅकेटची जागा वेगळी असते.

100 पौंडाची स्प्रिंग या वजनाखाली सुमारे 70 मिमी दबते. उभ्या गाडीत शॉक मात्र 38 मिमीच मिटलेला हवा. मधले 32 मिमी कॉलर (शॉकच्या अंगावरचं, स्प्रिंग ज्यावर टेकते ते आट्यांचं कडं) फिरवून आधीच दाबून ठेवायचे, म्हणजे प्रीलोड. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: कॉलर वर चढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी उचलली जाते, एवढंच. 100 पौंडाची स्प्रिंग 100 चीच राहते. मागचा भाग मऊ वाटतो म्हणून कॉलर चढवत गेलात, तर लोंबायची चाल संपते आणि वळणात आतलं चाक रस्ता सोडतं. मऊ वाटत असेल तर स्प्रिंग बदला. शॉकच्या मानाने ती स्वस्त असते.

स्प्रिंगची मोकळी लांबीही तपासा. 10 इंची, म्हणजे 254 मिमीची घेतलीत तर शॉक पूर्ण मिटल्यावर तिला 124 मिमीमध्ये मावायचं आहे. वेटोळी एकमेकांना टेकतात ती लांबी विक्रेत्याकडून विचारून घ्या, ती 115 च्या आत हवी. वेटोळी टेकली की सगळा धक्का थेट ब्रॅकेटवर जातो आणि वेल्डच्या कडेला चीर पडते. उलट टोकाला, चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्प्रिंग बैठकीत सैल खुळखुळायला नको. वर 32 मिमीचा प्रीलोड आहे, त्यामुळे तुम्हाला ती अडचण येणार नाही.

बसवताना कॉलरच्या आट्यांवरची धूळ ब्रशने काढा, कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, आणि कॉलर नेहमी गाडी जॅकवर उचलूनच फिरवा. वजन असताना सी-पाना मारला की ॲल्युमिनियमचे आटे खरवडले जातात आणि कॉलर तिथेच अडकते. ट्रेलिंग लिंकचे रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची चुकीची दाखवतं आणि लवकर फाटतं. शॉकचा 12 मिमी बोल्ट साधारण 80 न्यूटन-मीटरवर.

मग चारी चाकांवरचं वजन. चालकाच्या जागी तुमच्या वजनाची वाळूची पोती, अर्धी टाकी पेट्रोल, टायरमध्ये ठरलेली हवा, अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) असेल तर एका बाजूने सोडवलेला. फरशी समपातळीत नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढा आणि चाकांखाली पातळ पत्रे घाला. 2 मिमीचा फरकही काट्यावर दिसतो. जॅकवरून उतरवल्यावर गाडी एकदा पुढे-मागे ढकला, नाहीतर टायर आत ओढलेले राहतात आणि आकडे खोटे येतात.

समजा, आकडे असे आले: पुढे डावं 148, उजवं 156, मागे डावं 150, उजवं 172. एकूण 626. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून 306, म्हणजे 48.9 टक्के. हे 50 च्या जवळ आणायचं. मागची डावी कॉलर अर्धा फेरा वर, मागची उजवी अर्धा फेरा खाली, आणि पुढे उलट: उजवी वर, डावी खाली. असं चारही कोपऱ्यांवर वाटून केलं की उंची जवळपास तशीच राहते. तुम्ही एका बाजूला बसता म्हणून उजवीकडचं एकूण वजन जास्तच राहणार. कॉलर फिरवून ते जात नाही, त्यामागे लागू नका.

शॉकचा कडकपणा बदलणारा नॉब पूर्ण सैल करून सुरुवात करा आणि दोन-दोन क्लिक वाढवत त्याच रस्त्यावर फिरवा. उंचवटा ओलांडल्यावर मागचा भाग एकदा वर येऊन दुसऱ्यांदाही हलत असेल तर आणखी हवं. लागोपाठच्या खड्ड्यांवर गाडी खाली खाली बसत गेली किंवा मागची चाकं उडायला लागली, तर जास्त झालं, दोन क्लिक मागे या.

आयव्हीए चाचणीला (घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीची ब्रिटनमधली सरकारी तपासणी) नेण्याआधी प्रत्येक शॉकच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बांधून खासगी जागेत थोडं फिरवून आणा. तो जिथवर सरकला तिथवर चाल वापरली गेली. पहिल्याच फेरीत तो बंप स्टॉपला टेकलेला दिसला, तर आधी उभ्या गाडीतली 292 ची लांबी पुन्हा मोजा, आणि ती बरोबर असेल तरच 110 किंवा 120 पौंडाच्या स्प्रिंगचा विचार करा.