रिपोर्टात लिहिलं, पण कळवलं का?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात माझं एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटर आहे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी एका रुग्णाच्या छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात गाठ दिसते, सीटी स्कॅन करून घ्यावा, असं मी रिपोर्टात लिहिलं. सीटी कुणी केलाच नाही. सव्वा वर्षाने कॅन्सर निघाला. आता सर्जनबरोबर मलाही वकिलाची नोटीस आली आहे. २० लाख मागितलेत. गोची अशी, की खाली 'इम्प्रेशन'मध्ये, म्हणजे निष्कर्षाच्या ओळीत, टेम्प्लेटमधलं (आधीच भरलेल्या नमुन्यातलं) 'नॉर्मल स्टडी' तसंच राहून गेलं. ते सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करून 'सर्जनना फोनवर कळवलं' अशी ओळ टाकली तर चालेल का?

उत्तर : डॉक्टर, त्या फाइलला हातही लावू नका. छापील रिपोर्ट रुग्णाकडे आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये सहसा प्रत्येक बदलाची तारीख-वेळ राहते. निष्काळजीपणाचा आरोप लढता येतो. पण नोंद बदलल्याचं उघड झालं, की तुमच्या खऱ्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय बनावट नोंदीचा फौजदारी गुन्हा वेगळाच. फोन खरोखर केला असेल, तर त्या दिवसाचा कॉल रेकॉर्ड लगेच मिळवा.

तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. निव्वळ निर्णय चुकला म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली स्पष्ट केलं आहे. गाठ तुम्ही पाहिली, सीटीही सुचवला. निदान आधी झालं असतं तर काय फरक पडला असता, हे सिद्ध करणं मुख्यतः तक्रारदाराचं काम. अडचण आहे ती त्या 'नॉर्मल स्टडी'ची. घाईतला सर्जन तेवढीच ओळ वाचतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. रिपोर्ट न वाचल्याचा दोष त्याचा खराच, पण त्याचा वकील बोट ठेवणार ते नेमकं तिथेच. एकाच कागदावर दोन परस्परविरोधी विधानं असताना 'मी लिहिलं होतं' एवढ्यावर सुटका होईल, असं मी तरी सांगणार नाही.

इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे अशा भरपाईच्या दाव्यांसाठी डॉक्टर काढतात तो विमा, असेल तर नोटिशीची प्रत आजच विमा कंपनीला द्या. त्यांच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नका, नातेवाइकांशी पैशाचं बोलू नका. नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या. जिल्हा ग्राहक आयोगाचा समन्स आला तर लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यावं लागतं, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवण्याचा अधिकार आयोगालाही नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. 'घेऊ पुढची तारीख' ही दिवाणी कोर्टातली सवय इथे अंगाशी येते.

यापुढे रुग्णाचं नाव नोंदवतानाच पाठवणाऱ्या डॉक्टरचा मोबाइल नंबर घ्या. असं काही अनपेक्षित दिसलं की स्वतः फोन करा आणि कुणाला, किती वाजता, काय सांगितलं ते रजिस्टरमध्ये तिथल्या तिथे लिहा. रुग्णाच्या हातीही साध्या मराठीत चिठ्ठी द्या आणि पोच म्हणून सही घ्या. रिपोर्टातली चूक नंतर लक्षात आली, तर मूळ रिपोर्ट तसाच ठेवून तारीख-वेळेसह पुरवणी जोडा. टेम्प्लेटमधली 'इम्प्रेशन'ची जागा कोरी करा. मात्र त्याआधी या रुग्णाच्या सगळ्या नोंदींचा बॅकअप घेऊन वकिलाकडे द्या.