टागालोगमधला ‘उम’: पुढे लागतो की मध्ये शिरतो?

फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेतले चार शब्द तुम्ही दिलेत: सुलात (लिहिणे), सुमुलात (लिहिलं), आलिस (निघणे), उमालिस (निघाला). ‘उम’ एकदा मध्ये शिरतो आणि एकदा पुढे लागतो, तेव्हा हे दोन वेगळे प्रत्यय मानायचे का, असा तुमचा प्रश्न. नाही. प्रत्यय एकच आणि तो दोन्हीकडे मध्येच शिरलाय. फसवतंय ते लेखन.

टागालोगमध्ये ‘आलिस’ स्वराने सुरू होत नाही. त्याआधी गळ्यात श्वास क्षणभर अडतो आणि सुटतो. हा कंठद्वारीय स्फोट त्या भाषेत क, त, प इतकाच खरा व्यंजन आहे, फक्त शब्दारंभी तो लिहीत नाहीत. तो ’ असा दाखवला तर शब्द होतो ’आलिस, आणि त्याचं रूप ’-उम-आलिस. सुलातचं स-उम-उलात. पहिल्या व्यंजनानंतर ‘उम’, एवढाच नियम.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. दुबईत शेजारी एक फिलिपिनो बाई राहायच्या. ‘माग-आलिस’ म्हणजे काढून टाकणे. मी ते सलग ‘मागालिस’ असं म्हटलं, तर त्या दचकल्या. त्याचा अर्थ खरजेने भरलेला! लिहिताना तिथे जोडरेघ देतात ती ह्याच अडखळ्यासाठी.

शब्दाच्या शेवटीही तेच. ‘बासा’ म्हणजे वाचणे, आणि ‘बासा’’ म्हणजे ओलं. रोजच्या लेखनात दोन्ही सारखेच दिसतात. ‘इन’ प्रत्यय लावा: वाचण्याचं बासाहिन, ओलं करण्याचं बासाइन. पहिल्यात स्वरापुढची जागा मोकळी म्हणून ह आला, दुसऱ्यात ती आधीच भरलेली होती. म्हणून माझा आग्रह असतो की रूपं तोडण्याआधी स्वनिमांची, म्हणजे अर्थभेद करणाऱ्या ध्वनींची, यादी पक्की करा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफील्डनेही 1917 साली टागालोगचं वर्णन छापलं ते इलिनॉयमध्ये शिकणाऱ्या एका टागालोगभाषकाचं बोलणं ऐकून.

शब्दाच्या पोटात शिरणारा प्रत्यय आपल्याला अगदीच परका नाही. संस्कृतात रुध् (अडवणे) चं रुणद्धि (अडवतो) होताना पाणिनीने श्नम् म्हटलेला ‘न’ असाच धातूच्या आत जातो. फरक एवढाच की तो शेवटच्या स्वरानंतर बसतो, ‘उम’ पहिल्या स्वराआधी.

आता द्विरुक्ती, म्हणजे शब्दाचा सुरुवातीचा भाग दोनदा म्हणणं. सुसुलात म्हणजे लिहील, सुमुसुलात म्हणजे लिहितोय. इथे क्रम महत्त्वाचा: आधी सु-सुलात, मग त्यात ‘उम’. उलट केलंत तर ‘सुसुमुलात’ होईल, आणि असं रूप भाषेत नाही. अर्थाकडेही नीट बघा, कारण हा काळ नसून क्रियेची अवस्था आहे. द्विरुक्ती असली की क्रिया अजून पुरी झालेली नाही. इलोकानो या दुसऱ्या फिलिपिनी भाषेत मात्र द्विरुक्ती नामाचं अनेकवचनही करते आणि तिथे पूर्ण बंद अक्षर, म्हणजे व्यंजनाने संपणारं, उचललं जातं: काल्दिंग म्हणजे बकरी, काल्काल्दिंग बकऱ्या. तेव्हा टागालोगचा नियम सगळ्या फिलिपिनी भाषांवर लादू नका.

सरावाला ‘बिली’ (विकत घेणे) घ्या: बिल्हिन, बिनिली, बिनिबिली, बिबिल्हिन. बिल्हिनमध्ये ‘इन’आधी ह आलाय आणि मूळ शब्दाचा शेवटचा स्वर गळलाय, ‘कापसाचा’ म्हणताना कापूसमधला ऊ गळतो तसा. मधल्या दोन रूपांत तोच ‘इन’ शेपटी सोडून ब नंतर शिरलाय, आणि तो शिरला म्हणजे क्रिया सुरू झाली. बिनिबिलीत द्विरुक्तीही आहे: सुरू झाली, पण संपली नाही. घेतोय.